पुढची फट राहू द्या, मागची सांभाळा

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षं १० महिन्यांचा, तिसरीत आहे. त्याच्या वरच्या दोन मोठ्या पुढच्या दातांमध्ये फट आहे, तांदळाचा दाणा मावेल एवढी. वर्गात मुलं त्यावरून चिडवतात. त्यांतला डावा दात तोंड मिटल्यावर खालच्या दाताच्या आत जातो, आणि त्या खालच्या दाताची हिरडी थोडी उतरल्यासारखी दिसते. खालचे पुढचे चारही दात आलेत, पण दाटीवाटीने. चार महिन्यांपूर्वी खालची डावीकडची शेवटची दुधाची दाढ किडली म्हणून काढून टाकली. सासूबाई म्हणाल्या, दुधाचीच होती, पडणारच होती. एका डॉक्टरांनी सांगितलं, बाराव्या वर्षी या, तारा लावू, आत्ता काही नको. दुसऱ्यांनी वर आणि खाली जबडा रुंद करायच्या प्लेटा, मग सिलिकॉनचा ट्रेनर (दातांवर घालायचा मऊ साचा) आणि बाराव्या वर्षी तारा असं दोन टप्प्यांचं पॅकेज सांगितलं. सगळे पैसे आत्ताच भरले तर सवलत आहे. कोणाचं ऐकावं? शिवाय धाकटी चार वर्षांची आहे, ती झोपताना अंगठा चोखते. तिचं काय करू?
— एक आई, जालना

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात फटीचं सगळ्यात आधी आलंय आणि काढलेल्या दाढेचं जाता जाता. आम्ही उत्तर उलट्या क्रमाने देतो, कारण घाई दाढेची आहे. पुढची फट चारचौघांत दिसते म्हणून मनाला लागते. मागची फट कोणाला दिसत नाही, आणि ती गुपचूप मिटत चालली आहे. तिचं मिटणं नुकसानीचं आहे.

खालची शेवटची दुधाची दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते. तिच्या जागी येणारी कायमची उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधला दात) सात-साडेसात मिलिमीटरची, आणि ती उगवते अकराव्या-बाराव्या वर्षी. म्हणजे ती जागा अजून तीन-चार वर्षं रिकामी राहणार आहे. तिच्या मागे सहाव्या वर्षी आलेली पहिली कायमची दाढ उभी आहे. हा दात काहीही न पडता मागून उगवतो, त्यामुळे तीही दुधाचीच समजणारे पालक पुष्कळ आहेत. या दाढेचा पुढचा टेकू काढून घेतला की ती पुढे कलते, आणि पुढचे दातही थोडे मागे सरकतात. दोन्हीकडून जागा खाल्ली जाते. जी जागा जायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत जाते, आणि तुमचे चार संपलेत. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: दाढ पडणारच होती, पण चार वर्षांनी. तोवर जागा राखणं हेच तिचं मोठं काम होतं.

किती जागा उरली आहे याचा अंदाज घरी घेता येतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापा. उजवीकडे दुधाची शेवटची दाढ अजून आहे ना, तिच्या रुंदीएवढी पट्टी करा आणि तीच डावीकडच्या रिकाम्या जागेत धरून बघा. बसली तर उत्तम. एक-दोन मिलिमीटर कमी पडली तर उपदाढ तरीही मावेल, फक्त पुढच्या दातांच्या दाटीला उपयोगी पडणारी शिल्लक गेली. रिकामी जागा सात मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नुसती राखून भागणार नाही. स्प्रिंग किंवा स्क्रूच्या प्लेटने ती दाढ आधी मागे ढकलावी लागेल. तीनेक मिलिमीटरपर्यंत हे जमतं, त्यापुढे अवघड होत जातं. अर्थात खरं मोजमाप डॉक्टरच घेतील. ही पट्टी तुम्हाला घाई किती आहे ते कळावं म्हणून.

जागा राखायच्या साधनाला स्पेस मेंटेनर म्हणतात. पण तो बसवण्याआधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक मोठा एक्स-रे, काढून घ्याच. खालची हीच, म्हणजे दुसरी, उपदाढ जन्मतःच नसणं फार दुर्मीळ नाही. ती मुळात नसेल तर जागा राखायची की मिटू द्यायची हा निर्णयच वेगळा होतो. त्याच चित्रात वरचे सुळे कुठल्या दिशेने निघालेत आणि पुढच्या दातांमध्ये जास्तीचा एखादा दात दडलाय का, तेही दिसतं. या एक्स-रेचं रेडिएशन म्हणजे आपल्याला एरवीही निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळतं तेवढं. एकदा काढायला काही हरकत नाही. मात्र दर सहा महिन्यांनी काढायचं कारण नाही, आणि तुमच्या मुलाला थ्रीडी स्कॅनचीही आत्ता गरज दिसत नाही.

स्पेस मेंटेनरचे दोन प्रकार तुमच्या कामाचे. पहिला बँड अँड लूप : मागच्या कायमच्या दाढेभोवती स्टीलचं कडं, त्याला डाग देऊन जोडलेली तारेची कमान, आणि ती पुढच्या दुधाच्या दाढेला टेकलेली. कमान इतकी रुंद हवी की उपदाढ वर आली तर तिच्यामधून निघेल. दोन फेऱ्यांत काम होतं: पहिल्या फेरीत कड्याचं माप आणि जबड्याचा ठसा, दुसऱ्या फेरीत सिमेंटने चिकटवणं. एरवी कडं बसवायला आधी दातांच्या फटीत रबराची रिंग घालून ठेवतात. तुमच्या मुलाच्या त्या दाढेला पुढेही शेजारी नाही आणि मागेही नाही, त्यामुळे तेवढा त्रास वाचेल. इंजेक्शन लागत नाही. अडचण एकच येऊ शकते, ती दाढ पुरती वर आलेली नसली आणि मागचा भाग हिरडीच्या पदराखाली असला तर कडं नीट बसत नाही.

दुसरा प्रकार लिंग्वल आर्च : दोन्हीकडच्या कायमच्या दाढांना कडी आणि पुढच्या दातांच्या आतून फिरणारी एकच तार. खालचे चारही दात आलेले असल्यामुळे हाही आत्ता बसवता येतो. बँड अँड लूप ज्या दुधाच्या दाढेला टेकतो ती दहाव्या-अकराव्या वर्षी पडेल, तेव्हा तो काढून लिंग्वल आर्च घालावाच लागेल. मग आत्ताच का नको, असं काही डॉक्टर म्हणतील आणि ते चूक नाही. पण आमचा कल पहिल्याकडे आहे. ज्या तोंडात आठ वर्षांच्या आत एक दाढ किडून काढावी लागली, त्या तोंडात आधी एकच कडं घालावं, ते कसं स्वच्छ राहतं ते बघावं.

कारण कड्यांचं बिघडतं ते इथेच. सिमेंट एका कडेने विरघळतं, कडं वरून घट्ट वाटतं आणि आतून दाढ किडत राहते. म्हणून तक्रार नसली तरी चार-सहा महिन्यांनी दाखवायचं. कमान खाली दबून हिरडीत रुतली, किंवा जिभेने हलवल्यावर कडं खुळखुळलं तर थांबू नका. निघून आलं तर डबीत ठेवा आणि आठवड्याच्या आत चिकटवून घ्या. महिनाभर तसंच राहिलं तर दाढ सरकते आणि तेच कडं पुन्हा बसत नाही. घरी फेव्हिक्विकने चिकटवायचा प्रयोग करू नका, हे लिहावं लागतंय कारण लोक करतात. कडं निघून गिळलं गेलं आणि त्यानंतर ठसका, खोकला किंवा श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आणि दाढांचा विषय निघालाच आहे तर : उरलेल्या दुधाच्या दाढांत कीड असेल तर ती आधी बरी करून घ्या. सिमेंट भरून, गरज पडल्यास लहान मुलांचं रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप बसवून दाढ वाचवता येते. स्वतःची दाढ ही सगळ्यांत चांगली स्पेस मेंटेनर, ती ना निघते ना हरवते. सहाव्या वर्षीच्या चारही कायमच्या दाढांच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड रोखणाऱ्या पातळ लेपाने, भरून घ्या.

आता तो आत जाणारा दात. याला क्रॉसबाइट म्हणतात: वरचा दात बाहेर असायला हवा, तो आत आणि खालचा बाहेर. हेही आत्ताच करायचं काम आहे. बाराव्या वर्षापर्यंत थांबायचं नाही, कारण दर घासागणिक तो वरचा दात खालच्या दाताला बाहेर ढकलतोय. हिरडी उतरतेय ती त्यामुळे. दोन्ही दातांच्या कडाही घासल्या जातात. वरचा दात जागेवर आला की खालची हिरडी बहुतेक वेळा आपोआप सुधारते, म्हणून हिरडीचं वेगळं ऑपरेशन आधी कोणी सुचवलं तर थांबा.

पण आधी हा दाताचा प्रश्न आहे की जबड्याचा, हे ठरलं पाहिजे. मुलाला दिव्याखाली ताठ बसवा, चहाच्या दोन चमच्यांच्या दांड्यांनी गाल बाजूला करा. हळूहळू तोंड मिटायला सांगा आणि पहिला दात दाताला टेकला की थांबवा. मग पूर्ण चावायला सांगा. या दोन क्षणांच्या मध्ये हनुवटी पुढे किंवा एका बाजूला सरकते का, ते बघा. सरकत असेल तर तो एक दात आडवा येतो आणि वाट काढायला सगळा जबडाच सरकतो, असं समजा. वाढीच्या वयात वर्षानुवर्षं असं सरकणं बरं नाही. उपचार लवकर करायचं ते आणखी एक कारण. तसंच दाढा बघा: वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या बाहेर आहे ना? दोन्ही बाजूंना बघा.

एकच दात आत असेल आणि बाकी चावा नीट असेल तर प्रश्न दाताचा. वरचे पुढचे सगळेच दात खालच्यांच्या आत जात असतील, घरात आजोबा-मामा कोणाची हनुवटी पुढे आलेली असेल, तर मामला जबड्याचा असू शकतो. त्याला चेहऱ्यावर बाहेरून लावायचा मास्क वापरतात. हनुवटी आणि कपाळाचा आधार घेऊन तो रबरांनी वरचा जबडा पुढे ओढतो. दिवसाला १२ ते १४ तास, म्हणजे संध्याकाळ आणि रात्र. आठ-नऊ वर्षांच्या आत त्याचा परिणाम चांगला, दहानंतर कमी होत जातो. अशा मुलांच्या बाबतीत ‘बाराव्या वर्षी या’ हा सल्ला खरोखर महागात पडतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाचं तसं वाटत नाही.

एका दातासाठी काय करतात? दात नुकताच डोकावत असेल तर आइस्क्रीमची लाकडी चपटी काडी वरच्या दाताच्या मागे तिरकी धरून, खालच्या दातावर टेकवून हलका दाब द्यायची जुनी युक्ती आहे. तुमच्या मुलाचा दात पूर्ण आलेला आहे, खालच्या दाताने तो अडकवून ठेवलाय; तिथे काडीने वेळ जाईल. दोन मार्ग उरतात.

काढ-घाल करायची प्लेट : टाळूवर गुलाबी अॅक्रिलिक, दाढांना धरणारे तारेचे हूक, त्या दाताच्या मागे झेडसारखी वळवलेली स्प्रिंग, आणि दाढांवर दोन-तीन मिलिमीटर उंचीची गादी. गादी यासाठी की चावताना पुढचे दात एकमेकांत अडकू नयेत. ती नसेल तर स्प्रिंग दाताला पुढे ढकलेल आणि प्रत्येक चाव त्याला परत मागे. ज्या प्लेटमध्ये गादी नाही तिच्याबद्दल विचारा, का नाही म्हणून. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, तीन-चार महिन्यांत काम होतं. अट अशी की प्लेट चोवीस तास तोंडात हवी, जेवतानासुद्धा; काढायची फक्त घासायला. ‘शाळेत नको, रात्री घालतो’ या बोलीवर दात हलत नाही. दुपारी गादीशिवाय चावलं की रात्रीची कमाई गेली.

दुसरा मार्ग, दोन दाढांना कडी आणि पुढच्या चार दातांना ब्रॅकेट (तार धरणारी, दातावर चिकटवायची छोटी चकती) लावून एक हलकी तार. दाढांवर रंगीत सिमेंटचे उंचवटे देऊन चाव तात्पुरता उघडतात. हे थोडं लवकर होतं आणि मुलाच्या मर्जीवर चालत नाही. पण वरचे चारही पुढचे दात आलेले हवेत. शिवाय त्या चारांतल्या कडेच्या दोन दातांची मुळं सुळ्यांच्या वाटेत असतात, त्यामुळे ते दात उगाच हलवायचे नाहीत. वरच्या पुढच्या दातांची मुळं दहाव्या वर्षाच्या सुमारास पुरी होतात, तोवर बळ हलकंच हवं. दोन्ही मार्गांनी दात बाहेर आला आणि खालच्या दातावर दोनेक मिलिमीटर झाकण घालू लागला की तो चाव स्वतःच त्याला जागेवर धरून ठेवतो.

प्लेट घातल्यावर पहिला आठवडा लाळ सुटते, स आणि श बोबडे होतात. रोज दहा मिनिटं मोठ्याने पाढे म्हणायला लावा, चार दिवसांत जीभ सरावते. प्लेट गार पाण्याखाली ब्रशने आणि साध्या साबणाने धुवायची, उकळत्या पाण्यात घालायची नाही, वाकडी होते. काढली की डबीतच. टिफिनच्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या प्लेटा नॅपकिनबरोबरच कचऱ्यात जातात. तोंडात कडं, तार काहीही असलं तर चिक्की, च्युइंगगम, तिळाचा कडक लाडू आणि उसाचं कांडं दाताने सोलणं बंद. पेरू, मक्याचं कणीस, भाकरीची कडक कड तुकडे करून किंवा दाणे काढून द्या. दिवाळीत चकली हाताने मोडून चालेल, करंजीचंही काही नाही. कडक बुंदीच्या लाडवाने तारा निघतात. रात्री झोपताना फ्लोराइडच्या टूथपेस्टने, ट्यूबवर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेली बघून, तुम्ही स्वतः घासून द्या. आठव्या वर्षी मुलाच्या हाताला कड्याची मागची कड सापडत नाही.

एवढं झाल्यावर पुढची फट. तिला हात लावू नका. वरचे सुळे उगवायच्या आधी, साधारण सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान, हाडातले सुळ्यांचे कोंब बाजूच्या दातांच्या मुळांवर टेकून असतात. त्यामुळे मुळं आत आणि दातांची टोकं बाहेर पंख्यासारखी पसरतात, मध्ये फट दिसते. सुळे खाली आले की तेच दातांची टोकं आत ढकलतात. दोनेक मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक मुलांत अशी आपली आपण बंद होते. तांदळाचा दाणा म्हणजे जवळपास तेवढीच. या वयात तारेने ती बंद केली तर बाजूच्या दातांची मुळं सुळ्यांवर दाबली जाऊन झिजू शकतात. फट याहून बरीच मोठी असेल, किंवा ओपीजीत मध्ये जास्तीचा दात दिसला तर वेगळी गोष्ट. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा जाड दोरा दातांमध्ये उतरलेला असला तरी तो कापायची घाई नको, सुळे आल्यावर बघतात.

एक ताकीद मात्र ठळक अक्षरांत वाचा. दोन दातांभोवती रबर बँड घालून फट बंद करायचा व्हिडिओ कोणी दाखवला तर तो घरात चालू देऊ नका. दात मुळाकडे निमुळता असतो; रबर त्यावरून हिरडीत शिरतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात वर चढतं. चांगले कायमचे दोन पुढचे दात यात हलून पडलेले आहेत. चिडवणाऱ्या मुलांना सांगायला उत्तर हवं असेल तर त्याला एवढंच शिकवा: ‘सुळे आले की बंद होते.’ त्यांच्यापैकी निम्म्यांना पण फट असेल, नीट बघायला सांगा.

खालच्या दातांची दाटी एकदोन मिलिमीटरची असेल तर तीही आत्ता सोडून द्या. वर म्हटलेली शिल्लक, म्हणजे दुधाची दाढ मोठी आणि येणारी उपदाढ छोटी हा फरक, दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच मिलिमीटर भरतो. शेवटची दुधाची दाढ पडायच्या आधी, साडेदहाच्या सुमारास लिंग्वल आर्च घातला की ती शिल्लक मागच्या दाढेने न खाता पुढच्या दातांना मिळते. तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. ही वेळ चुकवणारे पालक फार. दाढ पडली की आठवड्यांचा हिशोब असतो, वर्षांचा नाही.

त्या पॅकेजचं आता तुम्हालाच उत्तर मिळालं असेल. वरचा जबडा रुंद करायचा स्क्रू हे चांगलं साधन आहे, पण कशासाठी? वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत चावत असतील, त्यासाठी. टाळूच्या मध्यावरचा सांधा या वयात मऊ असतो, स्क्रूच्या एका पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर असा तो उघडतो. चार मिलिमीटर हवे असतील तर असे सोळा पाव फेरे, रोज एक किंवा एक दिवसाआड, डॉक्टर सांगतील तसे. स्क्रू फिरवायच्या किल्लीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा, किल्ली घशात जाऊ नये म्हणून. पुढून मागे पुरती फिरवायची, अर्धवट सोडली तर पुढचं भोक दिसत नाही. प्रत्येक फेरा कॅलेंडरवर टिपायचा. आठवड्याभरात पुढच्या दातांत फट पडते, ती चांगली खूण, नंतर बंद होते. पण चमच्यांनी गाल बाजूला करून तुम्ही बघितलंत आणि दाढा नीट बाहेर चावत असतील, तर तुमच्या मुलाला हे लागत नाही. खालच्या जबड्याचं तर विचारूच नका: तिथे उघडायला सांधाच नसतो, तो जन्मानंतर वर्षभरात जुळून जातो. खालची प्लेट दात फक्त बाहेर कलवते, आणि प्लेट निघाली की ते परत येतात.

ट्रेनरने जबडा वाढतो याला भक्कम आधार नाही. शिवाय तो रात्रभर आणि दिवसाही तासभर घालावा लागतो, बहुतेक मुलं रात्री थुंकून टाकतात. पैशांचं म्हणाल तर बाराव्या वर्षी तारा लागतील की नाही, हे आठव्या वर्षी सांगता येत नाही. त्याचे पैसे आत्ता का भरायचे? प्रत्येक टप्प्याचे वेगळे, लेखी, आणि काम सुरू होईल तेव्हा.

‘बाराव्या वर्षी या’ म्हणणारे डॉक्टर ज्या अनुभवावरून बोलतात तो खोटा नाही. वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे असलेल्या मुलांवर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. आठ-नऊ वर्षांपासून प्लेटा लावलेली मुलं आणि वाढीच्या वेळी एकाच टप्प्यात उपचार घेतलेली मुलं शेवटी सारखीच निघाली. लवकर उपचाराने पडझडीत पुढचे दात तुटण्याचं प्रमाण तेवढं कमी झालं. अशा मुलांनी थांबावं, खेळताना माउथगार्ड घालावं. पण तो नियम क्रॉसबाइटला आणि गेलेल्या दाढेच्या जागेला लागू होत नाही. सातव्या वर्षाच्या आत एकदा तपासणी करा असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटना सांगते, त्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावा असा नाही. बहुतेक मुलांना नुसतं बघून परत पाठवायचं असतं.

यानंतरची मोठी तारीख दहावा वाढदिवस. त्या सुमारास दुधाच्या सुळ्यांच्या वर, ओठाच्या आत बोट फिरवलं तर दोन्ही बाजूंना फुगीर गाठ लागायला हवी: खाली येणारे कायमचे सुळे. एकाच बाजूला लागली किंवा कुठेच नाही, तर ओपीजी. सुळा टाळूच्या बाजूला भरकटलेला असेल तर त्या वयात दुधाचा सुळा काढल्याने तो पुष्कळदा सरळ वाटेला लागतो. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ साली हे दाखवलं; त्यांच्या पाहणीत १० ते १३ वर्षांच्या मुलांचे ७८ टक्के सुळे असे मार्गी लागले. पाच मिनिटांच्या कामाने पुढचं ऑपरेशन आणि दोन वर्षांच्या तारा टळतात.

दाखवायचं कोणाला? स्पेस मेंटेनर आणि किडीसाठी पेडोडॉन्टिक्समधले (लहान मुलांच्या दातांचे) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पुढची पदवी घेतलेले, क्रॉसबाइटसाठी ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस. जालन्याहून जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय; तिथे हे दोन्ही विभाग आहेत आणि खर्च खाजगीपेक्षा खूप कमी. वेळ जातो, रांग असते. प्लेट महिन्याला एकदा ताणून घ्यावी लागते, म्हणजे तीन-चार शनिवार मोडतील हे धरून चला. दाढ काढताना काढलेला एक्स-रे असेल तर तो घेऊन जा. तिथे पहिलं वाक्य ‘दातात फट आहे’ हे नको, ‘चार महिन्यांपूर्वी दुधाची दाढ काढली’ हे असू द्या.

धाकटीचं सोपं आहे, पण आत्ताच हातात घ्या. कायमचे पुढचे दात सहा-सातला येतात. त्याआधी अंगठा सुटला तर पुढे आलेले किंवा मध्ये फट पडलेले दुधाचे दात बहुतेक आपोआप सावरतात. रागावणं, कडू लावणं, चारचौघांत हसणं याने सवय लपते, जात नाही. कॅलेंडरवर अंगठा न चोखलेल्या रात्रीला एक टिकली, पाच टिकल्यांना तिने निवडलेली एक गोष्ट. झोपताना त्या हातात मोजा घालायचा, तिला विचारून, ‘अंगठा विसरला तर आठवण करून देईल’ म्हणून. गाढ झोपेत तोंडात गेलाच तर हळूच काढा, उठवू नका. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर थोडं थांबून पुन्हा सुरू करा. टाळूला बसवायची जाळी हा सहा वर्षांनंतरचा उपाय, तोही मुलीला स्वतःला सोडायचा असेल तरच. आणि ती तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर दातांच्या आधी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.